नाच कधी सुरू व्हायचा?

जानेवारीतला रविवार, मुंबईतल्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या, उजाडायला अजून अवकाश. भरतनाट्यमच्या वेशातल्या एका मुलीचे फोटो काढायला आलो होतो. पायऱ्या झाडणाऱ्या बाईंनी आम्हाला हातानेच थांबवलं. “अनवाणी आहे ना ती? मग थांबा जरा. रात्री इथं बाटल्या फुटतात.” मधल्या सात-आठ पायऱ्या त्यांनी कडाकोपऱ्यांतून झाडू फिरवत पुन्हा काढल्या. काचेचा एक तुकडा उचलून आम्हाला दाखवला, सुपलीत टाकला आणि झाडू उभा धरून त्या बाजूला जाऊन थांबल्या. बघायला. फोटो काढणारे त्यांना नवे नव्हते, लग्नाआधीची जोडपी तिथे कायमच येतात. पण पायात घुंगरू आणि हातापायांना आलता लावलेली मुलगी बहुधा पहिल्यांदाच आली असावी. आम्ही काम सुरू केलं. हनुवटी थोडी खाली घे. डावा हात लांब. निऱ्यांचा पंखा पूर्ण उघडू दे. तशीच थांब. आता दोन खांबांच्या मधोमध. पुन्हा एकदा. इमारतीच्या मागचं आभाळ फटफटत गेलं, कावळे बोलायला लागले, आणि शेवटी त्या बाई माझ्याजवळ आल्या. मध्येच बोलायचा संकोच आवाजात स्पष्ट होता. “ताई, नाच कधी सुरू व्हायचा? मला पुढचा रस्ता झाडायचाय.”

टोमणा त्यात अजिबात नव्हता. त्यांनी ती जागा नाचासाठी झाडली होती आणि नाच बघायला त्या थांबल्या होत्या, इतकंच. उत्तर मुलीनेच दिलं. “आत्ता करते, मावशी,” म्हणाली, आणि तोंडाने बोल म्हणत तिने तिथल्या तिथे अलारिपू, म्हणजे कार्यक्रमाची सुरुवातीची रचना, केला. आधी फक्त डोळे, मग मान, मग खांदे, मग अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसून, अख्खं अंग. बाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. “छान. पाय जपा,” एवढं बोलून झाडू-सुपली घेऊन निघून गेल्या. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

फोटोसाठी पहाट का, असं कोणी विचारलं की आम्ही लगेच उजेडाबद्दल बोलायला लागतो. खोटं नाही ते. मुंबईत पहाटे फोटो काढायचे तर शहराच्या दिशा पाठ असाव्या लागतात. एशियाटिकचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळचा सूर्य इमारतीच्या पाठीशी असतो आणि पायऱ्यांवर बराच वेळ फक्त आभाळाचा उजेड उतरतो. सावली कुठेच कडक पडत नाही. चेहऱ्यावरचा अभिनय टिपायला यासारखी जागा नाही. गेटवेला उलटं. चौकात उभं राहिलं की सूर्य बंदरावरून, कमानीच्या मागून वर येतो, म्हणजे समोरचं माणूस काळ्या आकृतीसारखंच दिसणार. हस्तमुद्रा, कोपरांचे कोन, वेणीची लांबी, सगळं रेखीव. चेहरा मात्र गेला. मरीन ड्राइव्हला सूर्य इमारतींच्या आड असतो, कठड्यावर सावलीच. आधी उजळतो तो समोरचा मलबार हिल. आणि ओव्हल मैदान. त्याच्या पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरची गॉथिक रांग, पश्चिमेला आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने वारसायादीत घेतला तो हाच सगळा परिसर. सकाळचं पहिलं ऊन आर्ट डेकोवाल्यांचं, संध्याकाळचं गॉथिकवाल्यांचं. बॅलार्ड इस्टेटच्या सरळ गल्ल्यांना तर वर्षाचं वेळापत्रकच आहे. इथे सूर्य जूनमध्ये पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात जवळपास तेवढाच दक्षिणेला, त्यामुळे एखाद्या गल्लीत ऊन थेट आत शिरतं ते वर्षातून दोनदाच, थोडे दिवस.

आणि हे सगळं घाईचं काम. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभाच चढतो. उगवल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत उन्हातला तांबूसपणा ओसरतो आणि ते पांढरं, टणक व्हायला लागतं. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य भरदुपारीही पंधरा अंशांच्या आसपासच घुटमळतो; तिथल्या फोटोग्राफरांना दिवसभर पुरणारं तिरपं ऊन आपल्याला घाईघाईने वेचावं लागतं. एक सवलत तेवढी आहे. भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे धावते. जुन्या मुंबईकरांनी आपली स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ती याच ३९ मिनिटांनी मागे होती. आता घड्याळ देशाचं झालं, सूर्य मात्र जुन्याच वेळेला येतो. जानेवारीत सव्वासातपर्यंत उगवत नाही. त्यामुळे थंडीत डोंबिवली-कल्याणहून पहाटेची लोकल धरून येणाऱ्या मुलीला निदान थोडी झोप मिळते.

थंडीतल्या उजेडाबद्दल मात्र माझ्या मनात कायम दोन बाजू भांडत असतात. हल्ली डिसेंबर-जानेवारीत बंदरावर धुरकं साचलेलं असतं. त्यातून वर येणारा सूर्य नारिंगी आणि मऊ दिसतो, डोळ्यांना खुपत नाही, आणि त्याच्या उजेडात कांजीवरमचा लाल रंग उतू गेल्यासारखा दिसतो. स्क्रीनवर बघून सगळे “काय लाइट आहे!” म्हणतात. पण तो लाइट ज्यातून गाळून येतो ती हवा समोरची मुलगी छाती भरून आत घेत असते, तेही तालीम केल्यासारखी, धाप लागेपर्यंत. एकीने तर तिल्लाना, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटचा वेगवान नाच, संपवून बराच वेळ खोकत पायरीवर बसून काढला. पावसाळ्यातली उघडीप या बाबतीत खरी. हवा धुतलेली, दगड ओले, उजेड स्वच्छ. फक्त रेशमी कपडे घालून ओल्या दगडावर पाय आपटायला कोणाला सांगायचं?

कारण त्या कपड्यांमागची पहाट त्या मुलीची असते, माझी नाही. मी कॅमेऱ्याची बॅग उचलते आणि निघते. तिचा दिवस तीनला सुरू होतो. आई गंगावन घट्ट बांधते, इतकं की भुवया वर ओढल्या जातात. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेला गजरा बाहेर येतो. काजळ कानाच्या दिशेने लांब ओढायचं असतं, आणि ट्यूबलाइटखाली ओढलेली ती रेघ दिवसाच्या उजेडात फार जाड दिसेल का, ही काळजी. मग वरून मोठी ओढणी, पायात साध्या चपला, आणि घुंगरू कापडी पिशवीत. पिशवीत कितीही घट्ट दाबले तरी ते वाजतातच. लेडीज डब्यात झोपलेल्या भाजीवाल्या बायका एक डोळा उघडून बघतात. फोर्टातल्या फुटपाथवर माणसं अंगभर चादर ओढून झोपलेली असतात. त्यांच्या शेजारून जाताना ती मुलगी पिशवी पोटाशी धरते आणि पावलं हलकी टाकते. त्या माणसांना चौकटीबाहेर ठेवायचं हे मी मनाशी ठरवलेलं आहे. नाचाच्या मागे शोभेला झोपलेलं माणूस वापरावं असं मला वाटत नाही. तरी त्यांना वगळून जे शहर उरतं ते खोटंच रिकामं असतं, हेही दिसतं. या दोन्हींमधून मला अजून वाट सापडलेली नाही.

पहाटेचं आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल आम्ही कमी बोलतो.

त्या वेळेला बघणारं कोणी नसतं. मुंबईच्या रस्त्यावर बाई दोन्ही हात पसरून, पाय रोवून, भरपूर जागा व्यापून उभी आहे असं दृश्य दिवसा दिसत नाही. दिवसा बाई अंग चोरून चालते, पर्स पुढे घेऊन. नाचणाऱ्या मुलीही तशाच चालतात. कोपरं खांद्याच्या रेषेत ताठ धरायला दहा-दहा वर्षं शिकलेल्या मुली. पहाटेच्या त्या तासाभरात रस्ता त्यांच्या मापाचा होतो. मात्र हा तास सगळ्यांना सारखा मिळत नाही. लावणी करणाऱ्या एका कलावंत बाईंना मी बॅलार्ड इस्टेटमध्ये बोलावलं होतं. त्या आधी हसल्याच. “सकाळच्या उन्हात लावणी? आमचे तर या वेळेला चाळ सुटतात.” पण आल्या. नऊवारी, भरगच्च अंबाडा, आणि बंद कचेरीच्या पायरीवर बसून त्यांनी बैठकीची अदा सुरू केली. फक्त डोळे, मान आणि पदराचं टोक. एवढ्याशा हालचालीत त्यांनी ती गल्ली भरून टाकली. मग एक मोटारसायकल थांबली, पाठोपाठ दुसरी. शिट्टी आली. त्यांनी शांतपणे पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “झालं का तुमचं?” त्याच भागात भरतनाट्यमच्या वेशातली मुलगी उभी असते तेव्हा सकाळी फिरायला आलेले काका थांबून “वा, आपली संस्कृती” म्हणतात, कधी हातसुद्धा जोडतात. दोघींच्या पायाखालचा रस्ता एकच, साधनेची वर्षंही तेवढीच, आणि माझ्या दृष्टीने दोघींच्या कलेचं मोलही एकच आहे. भरतनाट्यमला मिळणारा हा नमस्कारही तसा अलीकडचा. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल मद्रासच्या अड्यारला लोकांसमोर नाचल्या तेव्हा घरंदाज बाईने ‘सादिर’ (याच नाचाचं आधीचं नाव) नाचावं का, यावर वाद झाला होता. आणि ज्या देवदासींनी तो नाच पिढ्यानपिढ्या सांभाळला, त्या या मानाच्या वाटेकरी फारशा झाल्याच नाहीत. लावणीच्या त्या बाईंचे फोटो फार सुंदर आले आहेत. ते बघताना शिट्टी ऐकू येते, फोटोत ती कुठेच नसली तरी.

पण मुद्दा झाडणाऱ्या मावशींचा. नाच कधी सुरू व्हायचा? नाचाचे म्हणून जे फोटो आपण बघतो त्यांतले बहुतेक थांबलेल्या माणसाचे असतात. नटराजाची मुद्रा सगळ्यांनाच हवी असते: एक पाय उचललेला, एक हात आडवा, तोल साधून श्वास रोखलेला. कार्यक्रमात ती येते आणि जाते. फोटोसाठी ती मुलगी तशीच उभी राहते, मांडी थरथरायला लागेपर्यंत. उचललेल्या पायाचं सगळे कौतुक करतात. ज्या पायावर सगळं वजन आहे त्याकडे कोणी बघत नाही. आधुनिक नाच करणारी मुलं उडी मारतात, तो फोटो त्यामानाने सोपा. उडी कितीही उंच असो, हवेतला निम्मा वेळ तिच्या वरच्या चौथाई भागात जातो, म्हणून तर नाचणारा क्षणभर तरंगल्यासारखा वाटतो आणि एक-पाचशेच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या, शटरला निवांत सापडतो. भरतनाट्यम मात्र जमिनीकडे जाणारा नाच आहे. त्यात वजन खाली उतरतं, पाय जमिनीला प्रश्न विचारतो आणि जमीन आवाजाने उत्तर देते. वजनाचा फोटो कसा काढायचा, हे मला अजूनही रोज नव्याने शिकावं लागतं.

गेटवेहून हवा स्वच्छ असली की समोर घारापुरी दिसते. तिथल्या लेण्यात दाराजवळच नटराजाचा मोठा शिल्पपट आहे, आणि त्याचे हातपाय बरेचसे तुटलेले आहेत. बोट नऊनंतरची, त्यामुळे पहाटेचा उजेड तिथे कधी मिळत नाही. पण मी कॅमेऱ्याशिवायही जाऊन बघत बसते. हात गेले, पाय गेले, तरी तो नाचतोच आहे. कारण नाच धडात आहे: कंबर कुठल्या बाजूला सरकली आहे, खांदा कुठे झुकला आहे, वजन एका बाजूकडून दुसरीकडे निघालेलं आहे आणि अजून पोचलेलं नाही. त्या शिल्पकाराने मुद्रा कोरलेली नाही, मुद्रेकडे जाणारी वाट कोरली आहे. दगडात हे जमलं, तर सेकंदाच्या पाचशेव्या भागात का जमू नये, असं बोटीतून परतताना दर वेळी वाटतं.

मग मी कामाची रीतच बदलली. आता मी “थांब” म्हणत नाही. आल्यावर आधी जागा बघायची, जमीन हाताने चाचपायची, दगड किती खरखरीत आहे, किती गार आहे. दगडावर आणि सिमेंटवर पाय आपटत राहिलं तर नडगी आणि गुडघे आयुष्यभर वसुली करतात, म्हणून तिथे थोडंच नाचायचं. मातीवर हवं तेवढं. मुलीने आपल्या मनाने एखादी जती, म्हणजे बोलांवरची छोटी तुकडी, किंवा अख्खा अलारिपू, हवं तर त्यापुढचं जतिस्वरम करावं, बोल तोंडाने म्हणावेत, मोबाइलवर गाणं लावू नये. बोल तिच्या श्वासावर चालतात आणि मलाही ऐकू येतात, म्हणजे पुढचा आघात कधी येणार हे माझ्या बोटाला आधी कळतं. मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबायला लागले आहे. कथक करणारी असेल तर चक्करांना शटर मुद्दाम मंद ठेवते, एक-पंधरांश किंवा एक-तीसांश. घेर विरघळतो, आणि तिने नजर जिथे रोवलेली असते तो चेहरा मात्र एखाद्या फ्रेममध्ये शाबूत राहतो. बाकीच्या टाकून द्यायच्या. उजेड चेहऱ्यावर वळवायला थर्माकोलची पांढरी शीट लागते, ती धरायला कोणाची तरी मैत्रीण असतेच.

या पायऱ्यांबद्दल मला एक गोष्ट फार आवडते. एशियाटिकचा हा टाउन हॉल १८३३ मध्ये पुरा झाला. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो, अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंत, तो क्रम बांधला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि त्यांना आधी आश्रय होता तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा. सरफोजीराजे वारले १८३२ मध्ये. म्हणजे तंजावरला मराठी राजाच्या दरबारात तो क्रम आकाराला येत होता तेव्हा इकडे मुंबईत या खांबांचं काम चालू होतं. दोघं एकाच पिढीचे. शंभराहून अधिक वर्षांनी, १९४५ साली माटुंग्यात श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर उभं राहिलं आणि त्या नाचाने मुंबईत घर केलं. आज डोंबिवलीची, नालासोपाऱ्याची मुलगी अरंगेत्रमच्या, म्हणजे रंगमंचावरच्या पहिल्या कार्यक्रमाच्या, पत्रिकेसाठी फोटो काढायला तिथे उभी राहते, तेव्हा ती काही परक्याच्या दारात उभी आहे असं मला वाटत नाही.

अशीच एक मुलगी अलीकडे ओव्हलवर आली होती. फाटक उघडल्या-उघडल्या आम्ही आत गेलो. दवाने गवत ओलं, मध्ये क्रिकेटच्या खेळपट्ट्यांपाशी उघडी माती. तिला मी मातीवर उभं केलं, तोंड पूर्वेला. राजाबाई टॉवरच्या बाजूने ऊन आलं आणि तिच्या मागच्या आर्ट डेको बाल्कन्या एकेक करून पिवळ्या झाल्या. ती अडवू, म्हणजे नाचाचे मूळ पदन्यास, करत गेली, एक झाला की पुढचा, तीन काळांत, पहिल्या काळात सावकाश आणि तिसऱ्यात इतक्या वेगाने की बोल जिभेवर अडखळायचे आणि ती हसून पुन्हा सुरू करायची. पांढऱ्या कपड्यांतली मुलं बॅट-पॅड घेऊन यायला लागली होती. त्यांनी दुसरी खेळपट्टी घेतली, काही बोलली नाहीत. एकाने चेंडू आमच्याकडे आला तर आधीच माफी मागून ठेवली.

पत्रिकेसाठी कोणता फोटो घ्यायचा हे तिच्या गुरू ठरवणार होत्या. सगळ्या मुली त्यांना अक्का म्हणतात. सत्तरीच्या आहेत, तमिळ घरातल्या, जन्म चेंबूरचा, मराठी आपल्यासारखीच. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. नटराजाच्या मुद्रेचा फोटो त्यांनी “हो, सगळ्यांकडे असतो” म्हणून पुढे ढकलली. चेहऱ्याचे दोन-तीन बघून मुलीच्या आईला “हे तुम्हाला ठेवा” म्हणाल्या. मग एका फोटोवर थांबल्या. त्यात मुलगी चवड्यांवर आहे, गुडघे बाहेर वळलेले, हात छातीपासून निघालेत आणि अजून पुरते पसरलेले नाहीत, बोटांची टोकं किंचित पुसट. मुलीच्या आईला तो हललेला वाटला. अक्का मात्र चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या आणि टेबलावर दोन बोटांनी ताल धरला. “कुदित्तमेट्टु,” त्या म्हणाल्या. चवड्यांवर उडी घेऊन टाचा आपटायच्या त्या अडवूचं हे नाव. “हे बघ, टाचा अजून खाली आलेल्या नाहीत. ‘तै’ झालंय, ‘हत्’ व्हायचंय.” मग मान वर करून मला विचारलं, “‘हत्’चा फोटो कुठाय?”

तो होता. पुढचीच फ्रेम. टाचा मातीत, आणि मातीचा धुरळा घोट्यांपर्यंत वर आलेला. अक्कांनी तो बघितला, मग मागचा बघितला, पुन्हा पुढचा. “पत्रिकेवर दोन्ही घ्या,” म्हणाल्या, “शेजारी शेजारी. आणि मध्ये काही छापू नका.”